निळ्या चौकटीचं फडकं

गाठ तशीच होती. मी बांधली होती तशी. समोरासमोरची टोकं एकमेकांत, आणि वर माझ्या सवयीचा घट्ट पीळ.

देवळामागे ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. ट्रॉलीत कडबा, कडब्यावर भुशाचं पोतं आणि पोत्यावर माझ्या अकरा भाकरी. निळ्या चौकटीच्या फडक्यात बांधलेल्या. सकाळी सात वाजता मी त्या मांडवात दिल्या होत्या. आता तीन वाजले होते. चार पंगती उठून गेल्या होत्या. माझी गाठ कुणी सोडलीच नव्हती.

शेजारी एक बाई पातेली घासत होती. मी विचारलं, "हे इथं कसं?"

हात न थांबवता ती म्हणाली, "ते व्हय? ते जनावराला ठिवलंय. थोरल्या काकू म्हनल्या, फडकं वळखू येतंय, बाजूला काढा."

मी कोण, हे तिला माहीत नव्हतं. म्हणून तर ती खरं बोलली.

बाळांनो, मागच्या आठवड्यात तुम्ही फोनवर म्हणालात, "आजी, किचन टॉवेलचा एप्रन कसा शिवायचा, लिहून पाठव." तुमच्या आईने तुम्हाला फोटो दाखवला होता. त्यात बारा बायका बारा एप्रन घालून हसत आहेत. पाठवते लिहून. पण नुसती शिलाई लिहिली तर ते अर्धं उत्तर होईल, आणि अर्ध्या उत्तराला मी नोकरीभर अर्धेच गुण दिले.

आधी कृती. एका टॉवेलचा एक एप्रन. कापायचं काही नाही. टॉवेल मोठा घ्या आणि उभा धरा. खालची वीतभर बाजू वर दुमडा. दोन्ही कडांना शिवण मारा, मध्ये एक उभी शिवण मारा. दोन खिसे झाले. वरचे दोन्ही कोपरे मागे तिरके दुमडून शिवा, पण दुमडीची टोकं उघडी ठेवा. त्यातून एकच लांब नाडी ओवा. ती एका बाजूने वर चढते, गळ्याभोवती फिरते, दुसऱ्या बाजूने खाली उतरते. टोकं पाठीमागे बांधायची. शिवण सुरू करताना आणि संपवताना मशीन दोन टाके उलटं चालवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात उसवते.

आता उरलेलं अर्धं.

मी नारायणगावात राहते, पण जन्माने आणे पठारावरच्या एका लहान गावची. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. पलीकडे का, हे तुमच्या बाबाला विचारलंत तर तो विषय बदलेल. त्याचा दोष नाही. मीच त्याला कधी सांगितलं नाही. गाव आमच्या हातचं पाणी पीत नव्हतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

गावच्या यात्रेला आमटी-भाकरीचं गावजेवण असतं. आमटी देवळापुढे मोठ्या कढयांत शिजते. भाकरी मात्र घराघरांतून येतात. प्रत्येक घर फडक्यात बांधून आणतं आणि मांडवात फडकी सोडून सगळ्या भाकरींचा एक ढीग लावतात. कुणाची जाड, कुणाची पातळ, कुणाची करपलेली. एकदा ढिगात पडली की ती कुणाची राहत नाही. गावाची होते.

माझ्या लहानपणी त्या ढिगात ओढ्यापलीकडची भाकरी नसायची. सगळं गाव जेवून उठलं की आई मला घेऊन जायची. जर्मनचं पातेलं जमिनीवर ठेवून मागे सरायची. वाढणारा हात खांद्याएवढा उंच धरून वरून आमटी सोडायचा. पळी पातेल्याला लागू नये म्हणून. एकदा मी मागे सरायला विसरले. मनगटावर उकळती आमटी उडाली. तुम्ही विचारता तो पांढरा डाग तोच. चहा सांडला होता असं मी तुम्हाला सांगितलं. खोटं सांगितलं.

आईने पदराने पुसलं. म्हणाली, "रडू नगं. ते बघत्यात."

घरी आल्यावर ती म्हणाली, "माझी एक भाकर त्या ढिगात पडंल ना, तवा माझी जत्रा झाली." मरेपर्यंत तिची जत्रा झाली नाही.

मी शिकले. इंग्रजी घेऊन बी. ए. केलं, हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. ज्यांच्या आजोबांनी वरून आमटी सोडली, त्यांची नातवंडं उठून 'गुड मॉर्निंग, बाई' म्हणायची. मला वाटलं, अंतर मिटलं. अंतर मिटलं नव्हतं. मीच त्याच्याकडे पाहायचं सोडलं होतं.

त्याच नातवंडांतली एक सुनंदा. माझी विद्यार्थिनी, लग्नानंतरही गावातच राहिलेली, महिला मंडळाची अध्यक्ष. गेल्या यात्रेच्या आधी ती घरी आली. माझा चहा प्याली. म्हणाली, "बाई, मागच्या साली चुलीपाशी मंदाच्या पदरानं पेट घेतला. थोडक्यात वाचली. तुमचा हात लई सुबक. आमाला एप्रन शिवून द्या ना."

मला काय झालं ते सांगते. मला आनंद झाला. त्याच संध्याकाळी बाजारातून निळ्या चौकटीचे तेरा टॉवेल आणले. बारा लागणार होते, एखादा बिघडला तर म्हणून एक जास्तीचा. चार दिवस मशीनवर बसले. एकही बिघडला नाही. तेरावा उरला.

यात्रेच्या आदल्या दिवशी मी गावी, भावाच्या घरी गेले. देवळाच्या भोंग्यावरून सांगत होते, प्रत्येक घराने अकरा भाकरी आणाव्यात. भाऊ म्हणाला, "ताई, ते आपल्याला न्हाई." मी म्हणाले, "प्रत्येक घर म्हणालेत. आपल्याला नसतं तर तसं सांगितलं असतं." ही माझी चूक. काही नियम सांगायचेच नसतात, ते सगळ्यांना माहीत असतात. हे वर्गातल्या पुस्तकात नव्हतं, पण आईच्या पातेल्यात होतं.

पहाटे उठून बाजरीच्या अकरा भाकरी थापल्या. तेराव्या टॉवेलात बांधल्या. एप्रन आणि गाठोडं एकाच कापडाचं. बघताक्षणी कळावं, हे बाईंचं. अभिमान होता मला.

मांडवात बायकांनी एप्रन घातले. नुसता हशा. एक म्हणाली, "अगं मंदे, आचारी दिसतीस. जा आता आळेफाट्याला हाटेलात!" मंदा म्हणाली, "जाती की. पर पगार दुप्पट घीन, माझा पदर जळालाय!" मीही हसले. तोच तो फोटो. कोपऱ्यात मी आहे, नीट बघा.

जेवायला सगळे जमिनीवर, पत्रावळीवर. मला मात्र खुर्ची, टेबल आणि स्टीलचं ताट. "बाई, तुमचे गुडघे दुखत्यात ना," सुनंदा म्हणाली. माझे गुडघे दुखत नाहीत. तरी मी बसले. मान समजून बसले.

आणि तीन वाजता, धुवायला एप्रन गोळा करायला म्हणून मागे गेले, तर ट्रॉली.

गाठोडं उचलून मी मांडवात आले. स्वयंपाक केलेल्या बायका शेवटच्या पंगतीला बसत होत्या. एप्रन अजून अंगावर. ढिगापाशी थोरल्या काकू. सुनंदाच्या सासूबाई. ढीग लावायचा मान त्यांच्या घराकडे आहे.

"सुनंदा, हे ट्रॉलीत का होतं?"

तिची मान खाली गेली. वर्गात उत्तर येत नसलं की जायची तशी. "बाई, आमच्या मनात काय न्हाई ओ. जुनी मानसं हायेत. तुमी शिकलेल्या, तुमी समजून घ्या. एप्रन तर सगळ्यांनी घातलेच ना."

काकू म्हणाल्या, "मास्तरीणबाई, खुर्ची दिली, ताट दिलं. आनखी काय पायजे?"

मी म्हणाले, "ढिगात जागा."

मी पंगतीत जमिनीवर बसले. गाठ सोडली. माझी भाकरी माझ्या पत्रावळीवर ठेवली आणि सुनंदाला म्हणाले, "वाढ."

ती पळी घेऊन आली. वाकली. आणि तिचा हात वर गेला. खांद्याएवढा. वरून आमटी सोडली. मला नाही वाटत तिने ते ठरवून केलं. हाताने आपोआप केलं. हेच मला सहन झालं नाही. ज्या हाताला मी अक्षरं शिकवली, त्याला हे माझ्याही आधी कुणीतरी शिकवलं होतं.

मी जेवले नाही. अकराच्या अकरा भाकरी बांधल्या आणि चालत ओढा ओलांडला. भावाच्या उंबऱ्यावर बसून एक भाकरी कोरडी खाल्ली. आईसाठी रडले. ती गेली तेव्हाही एवढी रडले नव्हते. तिने जे रोज पाहिलं, ते पाहायला मला एवढी वर्षं आणि एक पदवी लागली.

परवा सुनंदाचा फोन आला. "बाई, एप्रन लई चालले बघा. औंदा आनखी वीस द्याल का?"

मी म्हणाले, "नाही."

"रागावल्या का?"

"हो," मी म्हणाले. "माझ्या हातची शिलाई अंगावर चालते आणि माझ्या हातची भाकरी ढिगात चालत नाही, तोवर माझं मशीन तुमच्यासाठी बंद."

ती म्हणाली, "बाई, मी एकटी काय करनार?"

"तुझी पळी खाली आण," मी म्हणाले. "एवढं तू एकटी करू शकतेस."

तिने फोन ठेवला.

तेराव्या टॉवेलाचा मी काल एप्रन शिवला. गाठीच्या जागी पडलेली सुरकुती इस्त्रीनेही जात नाही. जाऊ नये. हा मी कुणाला देणार नाही. तुम्हालाही नाही. तुमचे तुम्ही शिवा, आणि ज्याच्यासाठी शिवाल त्याच्या घरी आधी जेवायला बसून बघा.

पुढच्या महिन्यात यात्रा आहे. भाऊ नको म्हणतो. तुमचा बाबाही फोनवर म्हणाला, "आई, या वयात कशाला?" मी जाणार आहे. अकरा भाकरी थापणार. या वेळी बांधणार नाही. उघड्या परातीत, ओढा ओलांडून, भर पंगतीच्या वेळेला नेणार आणि माझ्या हाताने ढिगावर ठेवणार. काढायच्या असतील तर सगळ्या गावादेखत काढा. देवळामागे नाही.

अंगावर हाच निळ्या चौकटीचा एप्रन असेल.

ओळखू येऊ दे.