आमच्या घरात चहा बंद झाला तेव्हा

माझे वडील हायस्कुलात इतिहास शिकवायचे आणि पहाटे घरातच त्याची तालीम करायचे. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत फेऱ्या मारत ते मोठ्यानं बोलत, आई स्टोव्हपाशी असे आणि मी गोधडीत. साठच्या दशकातल्या माझ्या कितीतरी पहाटा अशा अमेरिकेत गेल्या. अर्धवट झोपेत मला बोस्टनचं बंदर दिसायचं. समुद्र मी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे ते आमच्या रंकाळा तलावावर असायचं. धुक्यातून चहाच्या पेट्या पाण्यात पडायच्या आणि सगळा रंकाळा हळूहळू तांबूस व्हायचा. म्हशी त्यातच डुंबत राहायच्या.

वडिलांचा आवाज लांबून यायचा. इंग्रजांचा आधी साखरेवर कर, मग कागदावर. वर्तमानपत्रापासून खेळायच्या पत्त्यांपर्यंत सगळ्याला सरकारी शिक्का. वर पोसायला सैनिक. "आणि लक्षात घ्या," इथं ते हटकून थांबायचे, "चहा उलट स्वस्त झाला होता. कर काही फार जड नव्हता. पण अमेरिकेतल्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं." मग तिथल्या बायकांनी चहा सोडला, पानांचे काढे प्यायल्या, हा भाग ते घाईनं उरकायचे. त्यावर परीक्षेत प्रश्न येत नसे.

मी मॅट्रिक झाले त्या जूनमध्ये मला कॉलेजला जायचं होतं. तसं मी घरात सांगितलंही होतं. वडिलांनी ऐकलं, मान डोलावली आणि आजऱ्याच्या एका काजूवाल्यांच्या मुलाचं स्थळ जवळजवळ पक्कं करून टाकलं. घर चांगलं, मुलगा चांगला, हुंडा नको. मी उशीत तोंड खुपसून रडले.

"पोरीला इचारलंसा का?" आई म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? मी काय तिचं वाईट करतोय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांपुढं तुळशीचा काढा आला. बोलून बोलून घसा बसलाय म्हणून दिला असेल, असं वाटून ते कौतुकानं प्यायले. शाळेतून आल्यावरही काढाच आला तेव्हा मात्र त्यांनी आईकडे नीट पाहिलं. चहाशिवाय माझे वडील वर्तमानपत्राची घडी उघडत नसत. त्यांनी चिडून पाहिलं, गोडीगुलाबीनं सांगून पाहिलं, शेवटी शाहूपुरीतल्या हॉटेलात जाऊन पिऊ लागले. आई भांडली नाही. जेवण वेळेवर, सदरा धुतलेला, फक्त चहा नाही. आणि पहाटे ते पुन्हा अमेरिकेवर बोलत फिरत. शिकवणारा माणूस स्वतःचं कधी ऐकत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग पाहुणे मला बघायला आले. मुलीनं चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायचं, त्याशिवाय बघण्याचा कार्यक्रम सुरूच होत नाही. आईनं माझ्या हातात ट्रे दिला तो काढ्याच्या कपांचा. काजूवाल्यांनी एक घोट घेतला आणि कपात डोकावून पाहिलं.

"चहा न्हाय व्हय?"

"पावणं, आमच्यात चहा बंद हाय," आई आतल्या दारातून म्हणाली. "पोरीला अजून कुणी इचारलं न्हाय."

वडील लालबुंद झाले. मी डोळे मिटून घेतले. मग त्यांचा आवाज आला, पहाटेसारखाच लांबून.

"तुला काय वाटतं?"

मला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे उत्तर द्यायची सवय नव्हती. "मला शिकायचंय," एवढंच कसंबसं निघालं.

"मग शिकू दे की," काजूवाले म्हणाले आणि उरलेला काढा पिऊन उठले. वडिलांनी त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवलं.

संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसली होती. मी तिला विचारलं, तुझ्या वेळी तुला कुणी विचारलं होतं का.

"मला?" ती खडा बाजूला टाकत म्हणाली. "मी मामाच्या गावाला गेलते. आले तर दारात मांडव. मीच इचारलं, कुणाचं लगीन हाय?"