फ्लेक्सवरची वैमानिक

आमच्या लोणखेड्यात आणि शेजारच्या शहाद्यात माणसाचा सत्कार आधी होतो, चौकशी नंतर. नंतरही होतेच असं नाही. कुणी निवृत्त झालं, कुणाचा मुलगा पोलीस भरतीत लागला, कुणी नवा ट्रॅक्टर घेतला, की चौकात फ्लेक्स लागतो. ज्याचा सत्कार त्याचा फोटो मधे आणि शुभेच्छुकांचे सभोवती. सभोवतीचे फोटो वर्षानुवर्षं तेच असतात. मधला तेवढा बदलतो.

गेल्या हिवाळ्यात मधला फोटो माझा होता. डोक्यावर वैमानिकाची टोपी, खांद्यावर सोनेरी पट्टे आणि टोपीखाली माझी नेहमीची टिकली. फोटोखाली मोठ्या अक्षरांत ‘जिल्ह्यातील पहिल्या ज्येष्ठ महिला वैमानिक’.

मी खऱ्या विमानात आजवर एकदाही बसलेले नाही.

मी शाळेत भूगोल शिकवला. माझ्या घरात माझ्या आधी कुणी दहावीपर्यंतही गेलं नव्हतं. वडील नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला होते. ओल्या लाल मिरच्या उन्हात पसरायच्या, वाळल्या की गोळा करायच्या. हंगामात ते आम्हा मुलांच्या गालाला हात लावत नसत, कारण कितीही धुतले तरी त्यांच्या हातांना मिरची असायची. त्या हातांनी त्यांनी माझी फी भरली. सुट्टीत शाळेचा ॲटलास घरी न्यायची परवानगी आमच्या भूगोलाच्या बाईंनी मला दिली होती, म्हणून मला नकाशाचं वेड लागलं. माझी बी.ए.ची पदवी वडिलांनी हातात घेतली तेव्हा ती सरळ धरली आहे की उलटी, हे त्यांना कळत नव्हतं. म्हणून नावामागे काय लागावं आणि काय लागू नये, याबाबत मी जरा कडक आहे. लोक याला हट्ट म्हणतात. म्हणोत.

निवृत्तीनंतर मुलगा नोकरीसाठी दूर गेला आणि त्याचा संगणक इथे राहिला. त्यावर विमान चालवण्याचा खेळ होता. खेळ म्हणतात त्याला, पण त्यातल्या डोंगरांची उंची खरी असते, नद्यांची वळणं खरी असतात, वारासुद्धा त्या दिवशीचा खरा असतो. आयुष्यभर मुलांना भिंतीवरच्या नकाशात काठीने तापी दाखवली होती. आता मी तिच्यावरून जाऊ लागले. जॉयस्टिक मागवली, हेडफोन घेतला आणि हळूहळू इंटरनेटवर माझ्यासारख्याच सात-आठ निवृत्तांचा गट सापडला. दर रविवारी सकाळी आम्ही आपापल्या घरून एकाच आकाशात उडतो. ज्याचा मुलूख, तो पुढे. बाकीचे त्याच्या मागे. पुढच्याने खाली काय आहे ते सांगत जायचं, एवढा आमचा रिवाज.

यावर गावाचं मत काय होतं ते सांगायला नको. शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, “काय व माय, ह्या वयमा गेम खेळस? माळ ले ना हातमा.” तिची स्वतःची माळ मोबाइलवरच्या मालिका बघताना हातातून गळून पडते, ते मी रोज बघते. पारावर बसणारे आमचे निवृत्त पुरुष तर विचारूच नका. सकाळी महागाई भत्ता, दुपारी रक्तातली साखर, संध्याकाळी कुणाची सून कुणाशी बोलत नाही. एवढं सगळं काम अंगावर असताना त्यांना माझा वेळ वाया जातो याची काळजी वाटायची.

त्या पारावर माझे यजमानही बसतात. एकदा कुणीतरी त्यांना चिडवलं, “तुन्ही बायको दिवसभर घरमा काय करस रे भो?” यजमान रागाच्या भरात म्हणाले, “मन्ही बायको विमान उडावस.”

पुढचं एकानेही विचारलं नाही. ज्येष्ठ नागरिक मंडळाचा वर्धापनदिन आला होता, मोठे पुढारी येणार होते, आणि सत्कारमूर्तींत एक बाई हवी होती. चार दिवसांनी मंडळाचे अध्यक्ष पेढे घेऊन घरी आले. आयुष्यभर एका कार्यालयात बसून लोकांना उद्या या म्हणालेले गृहस्थ.

“मॅडम, तुम्ही एवढं मोठं काम करतस, आणि आम्हले पत्ताच नही!”

“भाऊ, मी पायलट नही शे,” मी म्हणाले. “मी कॉम्प्युटरवर उडावस.”

“तेच ते,” ते पेढा पुढे करत म्हणाले. “आतेना काळमा सगळंच कॉम्प्युटरवर शे. बँक कॉम्प्युटरवर, सातबारा कॉम्प्युटरवर. विमान बी कॉम्प्युटरवरच चालस.”

मी पुन्हा समजावलं. खुर्ची आमच्या पुढच्या खोलीत, विमान पडद्यावर. त्यांनी मान डोलावली आणि शेवटी खरं ते सांगितलं, “पण मॅडम, फ्लेक्स छापाई गया ना.”

म्हणजे फ्लेक्स छापला गेल्यामुळे आता मला वैमानिक होणं भाग होतं. मी नकार दिला तेव्हा त्यांनी तोड काढली: कोपऱ्यात ‘संगणकीय’ अशी एक पट्टी चिकटवू, पुढारी काही वाचत नाहीत. हे मला समजावताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर ओशाळलेपणाची एक रेघ नव्हती. उलट माझ्यासाठी केवढी खटपट करतोय, असा भाव.

आणि वेळ होती येत्या रविवारी सकाळची.

तो रविवार मी कुणालाच देणार नव्हते. आमच्या गटात नागपूरच्या एक निवृत्त नर्स आहेत. आम्ही त्यांना सिस्टर म्हणतो. तरुणपणी त्यांची पहिली नेमणूक आमच्याच जिल्ह्यात, सातपुड्यात काठी गावाच्या बाजूला झाली होती. जीप जिथे थांबायची तिथून पुढे पायी, एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर, खांद्याला लसींचा डबा. पावरी, भिली यांतलं अवाक्षर येत नव्हतं, तरी बायांनी सांभाळून घेतलं. काठीच्या होळीला त्या रात्रभर नाचणाऱ्यांच्या गर्दीत उभ्या होत्या, हे त्यांनी आम्हाला कितीदा तरी सांगितलं होतं. नंतर बदली झाली आणि परत येणं राहूनच गेलं. आता गुडघे गेले. पुढच्या आठवड्यात त्या मुलाच्या फ्लॅटवर कायमच्या जाणार होत्या. तिथे त्यांच्या संगणकाला जागा नव्हती. तो विकून झाला होता, नेणारा सोमवारी येणार होता.

“मॅडम, रविवारी काठी दाखवाल ना हो?” त्यांनी विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं.

गटातही ते सरळ झालं नाही. पुण्याचे एक साहेब आमचे नियम सांभाळतात. कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. ते म्हणाले, “मॅडम, त्या भागात पाहण्यासारखं काय आहे? नुसते डोंगर. साधी धावपट्टी नाही. आपण सुरतेहून सरळ इंदूरला जाऊ.” मी म्हणाले, “साहेब, मागच्या रविवारी आम्ही तुमची सोसायटी पाहिली. पाण्याच्या टाकीला तीन चकरा मारल्या.” हेडफोनमध्ये कुणीतरी खोकलं. इंदूर रद्द झालं.

घरी यजमान हवालदिल. “पंधरा मिनिटं तर लागतीन. शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, यायचं. आपल्याला गावात राहायचं आहे.” मी त्यांना म्हणाले की पंधरा मिनिटांत सुरतेचं विमान काठीला पोहोचत नाही, आणि पुढारी कधी वेळेवर येत नाहीत. अध्यक्षांना मी फोन करून स्पष्ट नाही म्हटलं. पलीकडून “हां हां, बरं बरं” आलं. ऐकून न घेण्याची ती आमच्याकडची सभ्य पद्धत आहे.

रविवारी आम्ही सुरतेहून उडालो. छोटी, एका पंख्याची विमानं. मी पुढे, माझ्यामागे सिस्टर, मग साहेब आणि बाकीचे. उकाईचं धरण गेलं, उजवीकडे रेल्वेची रेघ नंदुरबारकडे वळली. मिरचीच्या पथाऱ्या दिसतात का म्हणून साहेबांनी विचारलं, तेवढं श्रेय त्यांना देते. दिसत नव्हत्या, त्या जागी या खेळाने कुठल्या तरी परक्या देशातली लाल कौलांची घरं बसवली होती. प्रकाशा गावापाशी तापी पुन्हा दिसली आणि मी शहाद्यावरून डावीकडे, डोंगरांच्या दिशेने वळले. तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली.

अध्यक्ष आणि मंडळाचे दोघे थेट पुढच्या खोलीत. “मॅडम, चला चला, नेतासाहेब ऊनात! स्टेजवर येई बसेल शेतस!”

मी जॉयस्टिक सोडली नाही. “भाऊ, बसा. मी येऊ शकत नाही. विमान हवेत आहे.”

तिघेही पडद्याजवळ आले. अध्यक्षांनी चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांच्या तोंडून आलं, “हाऊ तर गेम शे! मन्हा नातू बी खेळस!”

“मी तेच सांगत होते.”

“पण आम्ही साहेबले सांगी दिधं ना!”

हे सगळं हेडफोनमधून गटाला ऐकू जात होतं. सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, तुमचा सत्कार होऊन राहिला का? जा ना मग तुम्ही. माझं राहू द्या. आपण पुन्हा कधी तरी येऊ.”

पुन्हा कधी येणार होतो ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

“सत्कार दुसऱ्या कुणाचा आहे सिस्टर,” मी म्हणाले. “तुम्ही डावीकडे बघा, धडगाव येतंय.”

माझ्या पाठीमागे तिघांची कुजबुज झाली. स्टेज तयार होतं, शाल तयार होती, पुढारी बसलेला होता. रिकामी होती फक्त खुर्ची. आणि अशा वेळी आमच्याकडे खुर्चीसाठी माणूस सापडायला फार वेळ लागत नाही. अध्यक्षांनी माझ्या यजमानांना वरून खालपर्यंत पाहिलं. इस्त्रीचा बुशशर्ट त्यांनी सकाळीच घालून ठेवला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. “भाऊ, तुम्ही चला. मॅडम ड्युटीवर शेतस असं सांगसूत.” यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “जा. शाल चांगली असली तर मला द्या.” रिक्षा गेली.

मोलगी गाव मागे पडलं. डोंगर आता जवळ आले, एकामागे एक, मधे अरुंद दऱ्या. मी वेग कमी केला. “सिस्टर, समोर काठी आहे. नकाशात तरी हेच. घरं मात्र खरी नाहीत.”

त्यांचं विमान माझ्यामागे एकदा गोल फिरलं. मला वाटलं, आपण यांना फसवलं. इतक्या वर्षांनी आणलं आणि दाखवली काय, तर कौलांची खोटी घरं.

मग त्या म्हणाल्या, “घरं सोडा हो. हा नाला इथून असाच वळायचा. त्या टेकाडावरून मी उतरायची. पलीकडे एक म्हातारी होती, ती माझ्या पायाला कसला तरी पाला चोळून द्यायची. मॅडम, मी पुढे जाऊ?”

“जा,” मी म्हणाले आणि बाजूला झाले.

त्या पुढे गेल्या आणि खाली उतरू लागल्या. दरीत शिरल्या, नाल्याच्या वळणाबरोबर वळल्या. पुण्याच्या साहेबांनी लगेच सुरू केलं, “सिस्टर, उंची! या भागात इतक्या खाली नियमाप्रमाणे...”

“साहेब,” सिस्टर म्हणाल्या, “मी इथून पायी गेलेली आहे.”

सिस्टर पाड्यापाड्यांवरून फिरत राहिल्या आणि आम्ही वर घिरट्या घालत राहिलो. अधूनमधून त्यांचा आवाज यायचा. इथे विहीर होती. इथे पूर आला म्हणून रात्री राहिले. इथे जुळी झाली, दोन्ही जगली. आम्हाला दिसत होती फक्त हिरवी-तपकिरी जमीन.

शेवटी त्या म्हणाल्या, “तुम्ही व्हा पुढे. मला उतरवायचं नाही आता.” आणि विमान हवेत असतानाच त्यांनी संगणक बंद केला. दरीत दिसणारं त्यांचं विमान आमच्या पडद्यांवरून नाहीसं झालं.

आम्ही नर्मदा ओलांडून वडोदऱ्याकडे निघालो. धावपट्टी दिसू लागली तेव्हा साहेबांनी हळूच विचारलं, “मॅडम, सिस्टर दरीत कुठून आत वळल्या? मला नीट कळलं नाही. एकदा दाखवाल का?”

इंधन पुरेसं होतं. मी विमान परत सातपुड्याकडे वळवलं आणि त्यांना म्हणाले, “या. पण मधे बोलू नका.”