पेढ्यांचा बंद पुडा

टेबलावर पेढ्यांचा पुडा होता आणि त्यावर शिंदेताईंचा हात. त्यांनी भाकरी थापायचं यंत्र बनवलं होतं. असं यंत्र आधी कुणी केलंय का, हे पेटंटच्या अर्जाआधी शोधणं माझं काम. एआयने क्षणात सांगितलं, असं काही सापडलं नाही. न सापडणं आणि नसणं यांत केवढं अंतर! पूर्वी जुनी पेटंटं चाळत मी ते अंतर स्वतः कापायचो. आज एकही उघडलं नव्हतं.

“साहेब, तुम्ही नीट बघितलंत ना? मग सोडू पुडा?”

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. त्यांची बोटं दोऱ्याच्या गाठीवर थांबली होती.

“ताई, एआयने बघितलंय. मी अजून नाही.”

त्यांनी गाठ पुन्हा आवळली.