डब्यातला भाडेकरू

१७ नोव्हेंबर १९८८, गुरुवार. काम एकच होतं: महाविद्यालयातल्या परीक्षार्थींची यादी संगणकातून काढायची आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला विद्यापीठात पोचवायची. ती पोचली नाही तर आमची मुलं परीक्षेला बसणार नव्हती. मी तिथली हेडक्लार्क. मी माझ्या धाकट्या दिरांना बोलावलं. त्यांच्यापुढे बिघडलेलं राहायची हिंमत केलेलं यंत्र वर्धा जिल्ह्यात मी तरी पाहिलेलं नाही.

वडनेरची शेती सांभाळून ते हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. संगणक शिकले ते एसटीत बसून, मांडीवर शब्दकोश घेऊन. पंप बंद पडो की पोराला ताप येवो, "आधी काय बदललं?" हे विचारल्याशिवाय त्यांचा पाना पिशवीबाहेर येत नसे. माझ्या लग्नानंतर आठवड्याभरात वरण खारट झालं, तेव्हाही ताटावरून त्यांनी हेच विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "सून बदलली, बापा!" भाऊजी गंभीरपणे उठले आणि मिठाच्या बरणीतला चमचा बघून आले. चमचा खरंच नवा होता, पहिल्याच्या दुप्पट. त्या दिवसापासून मी त्यांना मानते. त्यांचा दुसरा नेम नकलेचा. घड्याळ उघडायचं तरी आधी त्याचं चित्र काढणार. "नक्कल ठेवल्याबिगर हात लावाचा नाई," हे वाक्य त्यांनी आपल्या बायकोलाही इतक्यांदा ऐकवलं होतं, की ती पुरणपोळी करायच्या आधी "नक्कल ठेवू का?" असं विचारायची.

आमचा जुना संगणक जळाला होता, आणि यादीचा प्रोग्राम दुसऱ्या कुठल्याही संगणकाचं ऐकत नव्हता. तेव्हा भाऊजींनी नव्या संगणकात असा एक प्रोग्राम घातला, जो आपणच जुना संगणक असल्याचं सोंग आणायचा. "डब्यातला भाडेकरू," ते म्हणत. त्या भाडेकरूचा सगळा संसार नव्या डिस्कवरच्या एका फायलीत मावायचा. यंदा विद्यार्थी वाढले आणि यादी काही त्याच्यात मावेना. म्हणून जास्त नावं मावणारी, भाडेकरूच्या सिस्टिमची नवी आवृत्ती नागपूरहून पोस्टाने फ्लॉपीवर मागवली. भाऊजींनी ती सकाळी चढवली, आणि भाडेकरू पडद्यावर आपलं अर्धं नाव सांगून थिजला.

"गेला नवा संगणक!" प्राचार्य म्हणाले.

"घर शाबूत हाय, सर. भाडेकरू बिघडला."

भाऊजींनी जपून ठेवलेली नक्कल परत घातली. भाडेकरू उठून बसला. नवी आवृत्ती पुन्हा चढवली, तो पुन्हा त्याच अक्षरावर थिजला. मग एकेक गोष्ट बदलून पाहणं सुरू झालं. तीन वाजले.

"भाऊजी, सगळं एकदम बदला की!"

"मंग कशानं सुधारलं, हे कसं समजन, वयनी?"

शेवटी त्यांनी फ्लॉपी खिडकीशी नेऊन तिरकी धरली. वर जांभळा गोल ठसा.

"यावर शिक्का काऊन?"

"आवकचा. पोस्टाने आलेली वस्तू शिक्क्याशिवाय मी आत घेत नाही."

"किती जोरात हाणला?"

"रोजच्यासारखा."

रोजचा माझा शिक्का शेजारच्या खोलीत ऐकू जातो; फ्लॉपीच्या आतली नाजूक चकती त्याने चेपली होती. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. डोकं खाजवत म्हणाले, "भाडेकरू काही मोठा होत नाई आता. दोन ठेवू." नकलेची आणखी एक नक्कल केली; कला शाखा एकात भरली, वाणिज्य दुसऱ्यात. साडेपाचला प्रिंटर करकरू लागला आणि शेवटच्या नावापर्यंत थांबला नाही.

प्राचार्यांनी विचारलं, सगळा दिवस का लागला? मी तोंड उघडायच्या आत भाऊजी म्हणाले, "फ्लॉपी माह्या हातून खराब झाली, सर."

"मग पुढच्या वेळी नागपूरचाच माणूस आणू."

"बरं," म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि एसटी गाठायला निघाले. एरवी माझं तोंड बंद नसतं. तेव्हा मात्र मी यादीची पानं मोजत राहिले. आता ते मुलाकडे भिलाईला असतात. पत्रात कॉलेजातल्या एकेका यंत्राची खुशाली विचारतात, त्या दिवसाबद्दल अक्षर नाही.

त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यादी काखोटीला मारून मी आधी प्राचार्यांच्या घरी गेले. ते दाढी करत होते. दारातूनच सांगितलं, "सर, फ्लॉपी माझ्या शिक्क्याने गेली. आमच्या भाऊजींच्या हातून काही खराब होत नाही." त्यांच्या उत्तराला थांबले नाही, नागपूरची गाडी गाठायची होती.