माझ्या इजिप्ती वह्यांचं उट्टं

मी सूड घेतला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला सोशिक बाई समजायला नको. सोशिक आमच्या घरात दुसरी आहे, माझी धाकटी जाऊ.

सासर खोडदच्या शिवेला. शेतात उभं राहिलं की रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या दिसतात. मी गावाजवळच्या शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. एकदा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर इजिप्तमधल्या थडग्याच्या भिंतीचा फोटो पाहिला. दोघी बाया वाकून धान्य पाखडत होत्या आणि त्यांच्या डोक्यावर पक्षी, साप, पाण्याच्या लाटा अशी चित्रं होती. खाली लिहिलं होतं की त्या बाया एकमेकींशी काय बोलतात ते वर लिहिलंय. मला लई वाटलं, त्या काय बोलतात ते आपल्याला वाचता यावं. एवढंच कारण. घरात सगळ्यांनी वेड्यात काढलं. जाऊ तेवढी म्हणाली, "जावा आक्का, रविवारचं मी बघते."

पुण्यात दर रविवारी प्राचीन इजिप्ती भाषेचा वर्ग भरायचा. सर मोठे विद्वान. पहिल्या दिवशी प्रत्येकाला उभं करून विचारलं, इथे का आलात. मी म्हणाले, "भिंतीवर दोन बाया व्हत्या, त्या काय बोलत व्हत्या ते..." सरांनी हात वर करून मला थांबवलं. "बाई, आधी 'होत्या' म्हणायला शिका. इजिप्तच्या फेरो राजांकडे नंतर वळू." वर्ग हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येईपर्यंत एसटीत मी एकच गोष्ट ठरवली होती, या माणसाला ह्याच भाषेत पाणी पाजायचं.

शिकले. अशी शिकले की सरांना प्रश्न विचारायची सोय ठेवली नाही. त्या भाषेत 'मी, तू, तो, ती' हे शब्द बहुतेक वेळा सुटे राहत नाहीत, क्रियापदाच्या शेपटीला चिकटतात, गाईमागं वासरू चालावं तसे. सेजेम म्हणजे ऐकणं. सेजेमेफ म्हटलं की तो ऐकतो, सेजेमेस म्हटलं की ती ऐकते. मधे एक 'न' घातला की त्याने ऐकलं, तिने ऐकलं. हीच चिकटणारी अक्षरं घराला लावली की त्याचं घर, तिचं घर. पुरुषाला 'तू' म्हणायचं तर एक अक्षर, बाईला म्हणायचं तर दुसरं. आणि छातीवर हात ठेवून 'मीच' म्हणायचं असेल तर त्याला वेगळा, सुटा, दणदणीत शब्द: इनेक. स्वर लिहीतच नाहीत, ते आपण सोयीने घालायचे.

रूपं पाठ होईनात तेव्हा मी माझी पद्धत काढली. रोज दुपारच्या सुट्टीत घरातल्या एका गोष्टीचं वाक्य करायचं. वर चित्रलिपी, खाली मराठी. गाय, दोर, विळा, कांदा, भाकरी, विहीर, सगळ्याला त्या लोकांकडे शब्द. आमच्या विहिरीवरच्या उंबराचा जवळचा भाऊसुद्धा त्यांच्याकडे आहे, त्याला नेहेत म्हणतात. फक्त टोमॅटो नव्हता, म्हणून आमचा अख्खा हंगाम वहीबाहेर राहिला. घरात ती लिपी कुणाला वाचता येत नाही आणि माझ्या वह्या कुणी उघडत नाही, या भरवशावर मी मनातलं सगळं त्यात ओतत गेले. सासूबाईंवरचा राग, नवऱ्याचा आळस. आणि गाय.

गाईचं असं झालं. आमची एक गाय होती, डावं शिंग मोडलेली. उन्हाळ्यात दुपारी तिला गोठ्यातून सावलीला बांधायचं काम जावेचं. त्या दिवशी जाऊ पाणी आणायला गेली होती आणि गाय धापा टाकत होती, म्हणून मीच दोर सोडला. तेवढ्यात आठवडाभर डोक्यात अडकलेलं एक रूप एकदम सुटलं. आत्ता लिहिलं नाही तर जाईल, म्हणून दोर खुंटीवर नुसता टाकला आणि आत पळाले. बाहेर आले तेव्हा गाय उंबराच्या विहिरीत पडली होती. गाव धावलं, दोर लावले, पण ती जिवंत निघाली नाही.

सासूबाईंनी जावेलाच धरलं. काम तिचं, म्हणजे चूकही तिचीच. जाऊ म्हणाली, "मी सोडली नाय ओ, आत्याबाई." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसले. आमच्यात गाय मेल्याचं पाप साधं नसतं. त्या वर्षापासून वसुबारसेला गाय-वासराची पूजा असली की सासूबाई तिला गोठ्याच्या उंबऱ्याबाहेर उभी करायच्या. निरांजन माझ्या हातात. मी ओवाळायची आणि ती बाहेरून बघायची. असं सासूबाई जाईपर्यंत चाललं, आणि त्या गेल्यावर कुणी तिला आत ये म्हणालं नाही. मीही नाही.

वहीत मात्र मी डावं शिंग मोडलेली गाय उंबराच्या विहिरीत पडली असं लिहिलं होतं, आणि त्याखाली खरंही लिहिलं होतं. मीच सोडली. तिच्यावर आळ आला. मी गप्प राहिले. तीन वाक्यं, तिन्हींत क्रियापदाची रूपं वेगळी. खाली अभ्यास म्हणून टीपही दिली होती, इतकी मी निर्लज्ज.

नऊ वह्या भरल्या तेव्हा सरांच्या नाकावर टिच्चून दाखवायला पुण्याला नेल्या. झेरॉक्स काढायचं सुचलं नाही, घमेंडच तेवढी होती. सरांनी चाळल्या. चाळता चाळता त्यांचा चेहरा बदलला आणि मला वाटलं, जिंकले. "ठेवून जा, सवडीने बघतो," म्हणाले. वर्षभर मी फोन करत राहिले. शेवटी म्हणाले, "कसल्या वह्या? तुम्ही दिल्याचं मला आठवत नाही." आणि वर, "एसटीत राहिल्या असतील."

दोन वर्षांनी शाळेत पार्सल आलं, प्रकाशकाने तालुक्यातल्या सगळ्या शाळांना पाठवलेलं. आवक रजिस्टरला नोंद मीच केली. आत सरांचं पुस्तक, मराठीतून इजिप्ती व्याकरण, आणि जुन्नरला होणाऱ्या त्यांच्या व्याख्यानाचं निमंत्रण. पुस्तक उघडलं आणि खुर्चीतच बसून राहिले. माझी मांडणी, माझी वाक्यं, माझा क्रम. आमचा कांदा, आमचा विळा, माझ्या नवऱ्याचा आळस, सगळं छापलेलं. प्रस्तावनेत लिहिलं होतं की ही सर्व उदाहरणं थडग्यांमधल्या लेखांतून निवडून घेतली आहेत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. गाईची वाक्यंही होती. मी ती बोटाने झाकली आणि पान उलटलं.

व्याख्यानाच्या दिवशी जीप करून गावातली दहा-बारा माणसं घेऊन गेले. सरांची माझ्यासमोर फजिती होताना त्यांनी बघावी म्हणून. धाकटी जाऊ यायला तयार नव्हती, तिलाही ओढलं.

सरांचं बोलून झाल्यावर मी उठले आणि म्हणाले की हे पुस्तक माझं आहे. सर हसले, तेच पूर्वीचं हसणं. मी म्हणाले, "पान उघडा. डावं शिंग मोडलेली गाय उंबराच्या विहिरीत पडली, असं आहे का नाय?" आमच्या गावच्या माणसांत कुजबुज झाली. एक म्हातारे उठून म्हणाले, "आवो, ती तर ह्यांचीच गाय. म्या सोता दोर लावला व्हता."

सर डगमगले नाहीत. "गाई काय फक्त तुमच्या गावात विहिरीत पडतात? नाईलच्या काठी चार हजार वर्षांपूर्वी पडत नसतील? बाईंनी पुस्तक वाचलं आणि आपली गाय आठवली, एवढंच." सभागृह हसलं. सर पुढे म्हणाले, "आणि शिंग मोडणं काही नवलाचं नाही, बाई."

ते 'बाई' कानात गेलं आणि मला पुढचं काही दिसेनासं झालं. त्याला हरवायचं, बास. मी म्हणाले, "पुढची वाक्यं वाचा. मीच सोडली. तिच्यावर आळ आला. मी गप्प राहिले. हे कुठल्या थडग्यात लिहिलंय ते सांगा. गावाला इतकी वर्षं ठाऊक आहे की गाय माझ्या जावेनं सोडली. ती तिनं सोडली नव्हती. मी सोडली. मी दोर टाकला आणि वही लिहायला आत गेले. हे माझ्या नवऱ्याला माहीत नाय, सासूला माहीत नव्हतं. माझ्या वहीला माहीत व्हतं, आणि ती वही ह्यांच्याकडं व्हती."

कुणी हसलं नाही. ते म्हातारे सरांकडे वळून म्हणाले, "साहेब, खोटं बोलायला कुणी गाय अंगावर घेत नसतं." सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायचं विसरून हातातच धरून ठेवला. प्रकाशक स्टेजवरच होता. त्याने सरांना हळू आवाजात वह्यांबद्दल विचारलं आणि दाराजवळच्या टेबलावरची पुस्तकं उचलायला सांगितली. मी ते उभ्याने बघितलं, शेवटचा गठ्ठा जाईपर्यंत बघितलं. इतकं गार मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पुढे नव्या आवृत्तीवर माझं नाव आलं. सरांचा वर्ग बंद पडला. मला त्याची तसूभर दया आली नाही, आजही येत नाही.

परत येताना जीपमध्ये गावची माणसं माझं कौतुक करत होती. बाई वाघीण निघाली म्हणाली. जाऊ खिडकीशी बसली होती. नारायणगाव मागे पडलं तेव्हा मीच तिच्याजवळ सरकले आणि म्हणाले, "बघ, तुझ्यावरचा आळ पण गेला की नाय आज. सगळ्या गावासमोर."

तिने माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही, माझ्यासारखा तिला तो चढवता येत नाही.

"आक्का," ती म्हणाली, "इतकी वर्सं माझ्यासाठी तोंड उघडलं नाय तुमी. आज उघडलं ते वह्यांसाठी."