आठव्या दिवसाचं दुखणं

मोशीच्या पलीकडे इंद्रायणीकाठच्या चार वाड्यांमध्ये कुणी बाळंत होणार असलं की बोलावणं छबूबाईला यायचं. सुईणपण तिला सासूनं शिकवलं होतं. जुन्या विळ्याच्या पात्यानं नाळ कापायची, बेंबीवर गोवरीची राख दाबायची, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. काही पोरं आठवडाभरातच जात. दूध ओढेनाशी होत, जबडा आवळे, अंग मागे वाकून ताठ होई. सगळे त्याला आठव्या दिवसाचं दुखणं म्हणत आणि सटवीनं कपाळी एवढंच लिहिलं होतं असं म्हणून गप्प बसत. छबूबाईही तसंच समजायची. तिच्या लेकीची, शालनची, पहिली दोन्ही पोरं माहेरच्या बाळंतपणात याच दुखण्यानं गेली होती.

१९५७ साली दिवाळीनंतर चिंचवडच्या शाळेत डॉक्टरांची परिषद भरली. एखादा रोग कुठं पसरतो, कुणाला होतो आणि का होतो, याचा शोध घेणारे हे डॉक्टर. त्यांची माणसं आधी या बाजूच्या गावांतून हिंडून गेली होती. कुणाचं बाळ गेलं, जन्मल्यावर किती दिवसांनी गेलं, नाळ कशानं कापली होती, असं घरोघर विचारत. तिथल्या सरकारी दवाखान्यातली नर्स इंदुताई हिनं खटपट करून आसपासच्या सुईणींनाही परिषदेला नेलं. सकाळी डॉक्टरांचं सत्र ऐकायचं आणि दुपारी शिबिरात नवी पद्धत शिकायची, असं ठरलं होतं.

सुईणी वर्गात मागच्या भिंतीशी जाजमावर बसल्या. पुढे डॉक्टर इंग्रजीत बोलत होते, फळ्यावर आकडे लिहीत होते. मध्येच दोघांची जुंपली. छबूबाईनं इंदुताईला विचारलं, "कशावरनं भांडत्यात?"

"भांडत नाहीत, मावशी. एक म्हणतायत, तपासलेली गावं फार थोडी आहेत. दुसरे म्हणतायत, पुरेशी आहेत."

"पर दुखणं कशाचं म्हनत्यात?"

इंदुताई जरा घुटमळली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "धनुर्वात आहे तो. त्याचं विष शेणामातीत असतं. न उकळलेल्या पात्यानं नाळ कापली, वर राख लावली, की बाळाच्या अंगात शिरतं. जिथं हत्यार उकळून घेतलं आणि राख लावली नाही, तिथं या दुखण्यानं मूल गेलेलं नाही."

"एकबी न्हाई?"

"एकही नाही."

छबूबाईनं पदर तोंडाला लावला.

दुपारी एका तरुण डॉक्टरनं मराठीत सगळं करून दाखवलं. हात कोपरापर्यंत साबणानं कसे घासायचे, पातं आणि दोरा किती वेळ उकळायचा, बेंबी कोरडी कशी ठेवायची. छबूबाईनं ते पहिल्याच खेपेला बरोबर केलं. डॉक्टर खूश झाला. तेव्हा तिनं विचारलं, "मंग आजवर जी गेली, ती आमच्या हातानं गेली म्हनायची का, साहेब?"

"तुमचा दोष नाही, बाई. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." तो आणखी काही बोलणार होता, पण हिवतापाचं सत्र सुरू होत होतं. त्याला कुणीतरी दारातून हाक मारली आणि तो गेला.

छबूबाई घरी गेली नाही. तशीच रावेतला, लेकीच्या सासरी गेली. शालनला पुन्हा दिवस गेले होते, पोट चांगलं दिसत होतं. तिची सासू मंजुळाबाई निवडण घेऊन बसली होती. छबूबाईनं आडपडदा न ठेवता दोघींना सगळं सांगितलं.

"मंजी माझी दोनी पोरं..." शालन म्हणाली.

"व्हय."

शालन उठून आत गेली. परत बाहेर आली नाही.

"औंदा समदं उकळून घीन," छबूबाई विहिणीला म्हणाली. "राख लावायची न्हाई. ह्यो जीव वाचंल."

"तुमचा हात आता माझ्या सुनंला लागायचा न्हाई, इहीणबाई."

"नगा लागू देऊ. पर इंदुताईला बोलवा, न्हाईतर पुण्याच्या दवाखान्यात न्या."

"आमच्या गावात सुईण हाय. तिच्या हातानं माझ्या घरातलं एकबी पोर गेलं न्हाई."

छबूबाईनं परत येऊन हे इंदुताईच्या कानावर घातलं. नंतर इंदुताई स्वतः रावेतला जाऊन आली. तिला चहा मिळाला, बघू म्हणाले, आणि तेवढ्यावरच राहिलं.

माघात शालन बाळंत झाली. निरोप कुणी पाठवला नाही. चिंचवडच्या बाजारात रावेतच्या एका बाईकडून कळलं, तेव्हा मुलगी तीन-चार दिवसांची झाली होती. छबूबाई इंदुताईला घेऊन धावली. मुलीनं सकाळपासून दूध ओढलं नव्हतं. इंदुताईनं दुपटं बाजूला केलं, तर बेंबीवर राखेचा थर होता. मंजुळाबाई भिंतीला टेकून उभी होती, आता तिनं कुणाला अडवलं नाही. छबूबाईनं हात पुढे केले. शालननं तिकडे न बघता मूल इंदुताईच्या हातात दिलं. बैलगाडीनं चिंचवडला आणि तिथून मोटारीनं पुण्याच्या दवाखान्यात नेलं. दोन रात्री काढून मुलगी गेली.

तोवर वाड्यांमध्येही ही गोष्ट सगळीकडे पसरली होती. छबूबाईनं ज्या ज्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं, त्या घरानं तिच्याशी बोलणं टाकलं. बायका आता पलीकडच्या गावची सुईण बोलावू लागल्या. तीही राखच लावायची. इंदुताई म्हणायची, धीर धरा मावशी, हळूहळू ऐकतील. पण तिचीच बदली झाली.

छबूबाई पिंपरीला बांधकामावर जाऊ लागली. कारखान्यांच्या भिंती उठत होत्या, बायामाणसांना घमेली वाहायचं काम मिळत होतं. मराठवाड्यातून आलेली एक पोरगी तिच्याबरोबर होती, अवघडलेली. एक दिवस वाळूच्या ढिगाशी ती पोट धरून खाली बसली. बायका गोळा झाल्या. मुकादम ओरडला, "कुणाला सुईणपण येतं का?"

दोघीतिघींनी छबूबाईकडे बघितलं, वयानं तीच थोरली होती म्हणून.

"मला न्हाई येत," ती म्हणाली, आणि घमेलं उचलून शिडीकडे गेली.

पोरीला गाडीत घालून कुठंतरी नेलं. ती पुन्हा कामावर आली नाही. तिचं काय झालं, ते छबूबाईनं कुणाला विचारलं नाही.