शरदच्या डोळ्यांतले डास

दिराच्या डोळ्यांतले डास मी कॉइल लावून मारायला निघाले होते, एवढी माझी अक्कल. परवा बंगळूरला सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये नातीने बाल्कनीत कॉइल पेटवली आणि त्या कडवट धुरात मला इथल्याच शिवाजीनगरमधलं आमचं जुनं घर दिसायला लागलं.

माझा धाकटा दीर शरद तेव्हा एचआयव्हीने खंगून आमच्याकडे राहायला आला होता. भर दुपारी मच्छरदाणीत बसून तो हवेत हात मारत होता. “वहिनी, डास फार झालेत हो.” मी पडले घरातली हुशार सून. पलंगाखाली कॉइल लावली, टॉवेल घेऊन मच्छरदाणीत शिरले आणि कोपरान् कोपरा झटकला. एकही डास सापडेना.

“हा काय, तुमच्या खांद्यावर,” शरद म्हणाला.

खांद्यावर काहीच नव्हतं. तेव्हा कळलं, डास त्याच्या डोळ्यांतच होते.

तशीच त्याला रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. औषधाचे थेंब घालून त्या कितीतरी वेळ नुसत्या आत बघत राहिल्या. शरदने माझा पदर मुठीत घट्ट धरला होता. शेवटी त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, “अक्का, प्रतिकारशक्ती फार घटली की डोळ्याच्या पडद्याला असा संसर्ग होतो आणि डोळ्यांपुढे काळे ठिपके उडताना दिसतात. डावा डोळा गेलाय. उजव्यासाठी आत्ताच औषध सुरू करू.”

उजवा वाचला. बऱ्याच दिवसांनी पेपर वाचता वाचता शरद माझ्याकडे न बघताच म्हणाला, “वहिनी, एक डास राहिलाय अजून. पण कॉइल नका लावू, आता ओळख झालीय आमची.”